डाव संपण्याची सोय

टीव्हीवर गेम लागला नाही, पडदा नुसताच करडा झाला किंवा त्यावर रंगीत चौकोन थरथरू लागले, की १९९०च्या दशकातल्या मुलांकडे एकच उपाय असे. कॅसेट बाहेर काढायची, तिचे उघडे तोंड ओठांजवळ धरायचे आणि जोरात फुंकर मारायची. मग ती पुन्हा खाचेत दाबून बसवायची. बहुतेक वेळा गेम सुरू व्हायचा. हा उपाय कोणी कोणाला शिकवला, हे सांगता येणार नाही. चाळीतल्या मुलांना तो माहीत होता, कॉलनीतल्या मुलांना माहीत होता आणि तिकडे अमेरिकेतली मुलेही नेमके हेच करत होती.

गंमत अशी, की फुंकरीचा त्यात काही वाटा नव्हता. कॅसेटमधल्या पट्टीवरचे धातूचे संपर्कबिंदू आणि यंत्रातल्या पिना नीट टेकल्या नाहीत, तर गेम लागत नसे. कॅसेट काढून परत बसवताना हे दोन्ही एकमेकांवर घासले जात आणि जोडणी जुळे. काम व्हायचे ते या काढण्या-घालण्याने. फुंकरीमुळे उलट श्वासातला ओलावा धातूवर जाई आणि तो गंजण्याची शक्यता वाढे. निन्टेन्डो कंपनीनेच ग्राहकांना कॅसेटमध्ये फुंकू नका असे सांगितले होते. पण फुंकर मारली आणि गेम लागला, हे इतक्यांदा घडले, की सगळे श्रेय फुंकरीला गेले. ते आजही तिलाच दिले जाते.

अनुभव खरा, पण त्याचे कारण चुकीचे. जुन्या व्हिडिओगेमबद्दल आज जे बोलले जाते, त्यातही हीच चूक होते. आणि या वेळी तिची किंमत कॅसेटला नाही, घरातल्या मुलांना मोजावी लागते.

घरातला वाद

त्या वेळची मुले आता चाळिशीत आहेत आणि त्यांच्या घरात दहा-बारा ते पंधरा वर्षांची मुले आहेत. मुलगा फोनवर खेळत बसलेला दिसला, की बाबांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘‘आमच्या वेळचे गेम किती साधे होते. मारिओ, काँट्रा. खेळायचो आणि उठायचो. तुमच्यासारखे चिकटून नव्हतो बसत.’’ मुलगा मान वर न करता म्हणतो, ‘‘बाबा, ही मॅच संपू दे ना.’’ बाबा फोन ओढून घेतात. आरडाओरडा होतो. आई मध्ये पडते. दुसऱ्या दिवशी तेच.

मग एखाद्या दिवशी बाबा बाजारातून शेकडो जुने गेम भरलेले हातात मावणारे स्वस्त यंत्र आणतात. मुलाला खरा खेळ काय असतो ते दाखवायचे असते. मुलगा दहा मिनिटांत कंटाळतो, हे अपेक्षितच असते. अनपेक्षित असते ते पुढचे. अर्ध्या तासात बाबांनाही कंटाळा येतो. ज्या खेळासाठी मे महिन्याची सुट्टी पुरायची नाही, तो अर्धा तासही धरून ठेवत नाही. गेम तर तोच आहे, चित्रे तीच आहेत, संगीतही तेच आहे. मग हरवले आहे ते नेमके काय?

या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले, तर त्याचा मुलांच्या आरोग्याशी थेट संबंध आहे. ते न शोधता नुसतीच हळहळ व्यक्त केली, तर तो संबंध दिसेनासा होतो.

आठवणींचे विज्ञान

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात वैद्यकशास्त्राचा आहे. योहानेस होफर या तरुणाने १६८८ मध्ये बासेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. घरापासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांना घराच्या ओढीने जडणारा आजार, असा त्याचा अर्थ होता. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले होते. पुढची दीड-दोनशे वर्षे हा आजारच मानला जात होता. 

आजचे मानसशास्त्र त्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस, टिम विल्डशुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दोन दशकांत या भावनेवर बरेच प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष असा, की गतकाळाची आठवण ही बहुतांशी सुखद असते, एकटेपणात ती आधार देते आणि आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव जागी करते. तिच्या केंद्रस्थानी वस्तू क्वचितच असतात, बहुधा माणसे असतात. काँट्रा आठवणाऱ्याला विचारून पाहावे. दोन मिनिटांत बोलणे काँट्रावरून दुसरा रिमोट धरून बसलेल्या मावसभावावर येते.

स्मृतीचा आणखी एक स्वभाव येथे काम करतो. उतारवयातल्या किंवा मध्यमवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस वर्षे या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. त्या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी अनेक असतात, ओळख घडत असते आणि मेंदू ते सारे ठसठशीतपणे नोंदवत असतो. त्या काळात ऐकलेली गाणी जशी कायमची ‘चांगली गाणी’ ठरतात, तसेच त्या काळातले खेळ कायमचे ‘चांगले खेळ’ ठरतात. त्यातच कंटाळवाणे, त्रासदायक तपशील काळाबरोबर पुसट होतात आणि गोड तेवढे उरते. अॅडॉप्टर तापून यंत्र बंद पडणे, टीव्ही बिघडेल म्हणून बसलेला ओरडा, मोठ्या भावाने हिसकावून घेतलेला रिमोट हे कोणी सांगत नाही.

थोडक्यात, ‘आमच्या वेळचे गेम चांगले होते’ या वाक्यात गेमविषयी माहिती कमी आणि सांगणाऱ्याच्या वयाविषयी माहिती जास्त असते.

जुने गेम साधुसंत नव्हते

जुने गेम निरागस होते, हाही समज तपासून घ्यायला हवा. व्हिडिओगेमचा धंदा वाढला तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स असो की १९८० चा पॅकमॅन, खेळणारा जितका लवकर हरेल तितके पुढचे नाणे लवकर पडणार, हा त्यामागचा हिशेब होता. तीन जीव, वाढत जाणारा वेग, शेवटी हार ठरलेलीच, ही रचना नाण्यांच्या पेटीसाठी होती. आपल्याकडच्या पार्लरमध्ये शाळेच्या खाऊचे पैसे याच पेटीत गेले.

घरच्या यंत्रावरच्या गेमची कठीण पातळीही काही पूर्णपणे कलेपोटी आलेली नव्हती. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा होता. आज फोनवर काढलेल्या एका छायाचित्राला त्याच्या पन्नासपट तरी जागा लागते. जागा इतकी अपुरी, की त्यातले ढग आणि झुडपे यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदललेला आहे. एवढ्याशा ऐवजात मुलांना महिनोन् महिने गुंतवायचे, तर ते अवघड करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिल्या टप्प्यापासून पुन्हा पुन्हा सुरुवात करण्यातच बहुतेक वेळ जाई.

व्यसनाची ओरडही जुनीच आहे. १९८२ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी व्हिडिओगेम मुलांना अपायकारक असल्याचे मत जाहीरपणे मांडले होते. ते आपले वैयक्तिक मत आहे, त्याला शास्त्रीय पुराव्याचा आधार नाही, असा खुलासा त्यांना लगेच करावा लागला. आणि आजकाल सगळीकडे ज्या डोपामिनचे नाव घेतले जाते, ते काही नव्या गेमने जन्माला घातलेले नाही. १९९८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील प्रयोगात आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा साधा गेम खेळायला दिला होता. मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये डोपामिन स्रवत असल्याचे दिसले. गेम साधा होता म्हणून मेंदू शांत राहिला, असे काही झाले नाही.

मग बदलले काय?

एवढे सगळे मान्य करूनही बाबांच्या वाक्यातला एक तुकडा खरा उरतो. ‘खेळायचो आणि उठायचो.’ कारण जुना गेम संपत असे.

मराठीत खेळाच्या एका फेरीला ‘डाव’ म्हणतात. पत्त्यांचा डाव, लगोरीचा डाव. डाव मांडला जातो, रंगतो आणि संपतो. जुन्या व्हिडिओगेममध्ये डाव होता. तीन जीव संपले की पडद्यावर ‘गेम ओव्हर’ येई आणि रिमोट शेजारच्याच्या हातात जाई. मारिओच्या आठ जगांत मिळून ३२ टप्पे होते, त्यापुढे काही नव्हते. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया तर घड्याळ लावूनच सुरू होई. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटे, त्यानंतर खेळ खलास. हे सारे मुलांच्या भल्यासाठी केलेले नव्हते. मेमरी कमी होती, नाणी हवी होती आणि घरात टीव्ही एकच होता, त्यावर सात वाजता बातम्या लागत. पण परिणाम असा झाला, की थांबण्याची खूण खेळातच, खोलीतच तयार होती. मुलाच्या मनोनिग्रहावर तो भार नव्हता.

यामागचे अर्थकारण सोपे होते. कॅसेट एकदा विकली, की कंपनीचे पैसे वसूल. त्यानंतर मुलाने ती दहा मिनिटे खेळली काय किंवा दहा वर्षे खेळली काय, कंपनीला फरक पडत नसे. आज फोनवरचे सर्वाधिक खेळले जाणारे गेम फुकट मिळतात. पैसे मिळवायचे ते नंतर, खेळणाऱ्याकडून थोडे थोडे करून किंवा जाहिराती दाखवून. त्यासाठी तो रोज परत आला पाहिजे आणि उठता कामा नये. त्यामुळे डाव संपणे हे आता नुकसान ठरते.

कँडी क्रश हे याचे साधे उदाहरण. त्यात पाच जीव मिळतात. ते संपले, की दर अर्ध्या तासाने एक जीव परत भरतो, नाहीतर पैसे देऊन लगेच घेता येतो. जुन्या गेममध्ये जीव संपणे म्हणजे शेवट होता. येथे ती अर्धवट तोडलेली गोष्ट आहे, परत यायला लावणारी. रोज हजेरी लावल्यास वाढत जाणारे बक्षीस, एक दिवस चुकल्यास तुटणारी साखळी, मर्यादित काळापुरतेच मिळणारे पोशाख, ‘तुझे मित्र खेळत आहेत’ ही फोनवरची सूचना, ही सगळी त्याच कामाची अवजारे आहेत.

त्यांतले सर्वांत धारदार अवजार म्हणजे बंद पेटी, म्हणजे लूट बॉक्स. पैसे देऊन पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते, की बक्षीस दरवेळी मिळण्याऐवजी केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर प्राणी कळ दाबत राहतो आणि ती सवय लवकर सुटत नाही. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. २०१८ मध्ये झेंडल आणि केर्न्स या ब्रिटिश संशोधकांनी सात हजारांहून अधिक खेळाडूंची पाहणी केली. पेट्यांवर अधिक खर्च करणाऱ्यांत जुगाराच्या समस्येची तीव्रताही अधिक आढळली. पेट्यांमुळे जुगाराची सवय लागते की जुगारी वृत्तीचे लोक पेट्यांकडे ओढले जातात, हे एका पाहणीतून सिद्ध होत नाही. पण दोन्ही शक्यतांमध्ये अशी पेटी बारा वर्षांच्या मुलापुढे ठेवण्याचे समर्थन होत नाही.

काही देशांनी हे ओळखले. जपानने २०१२ मध्ये अशा सोडतीच्या एका प्रकाराला बेकायदा ठरवले. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या पेट्यांना जुगार मानले. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मुलांच्या गेममधल्या पेटीत पैसे फक्त जातात, बाहेर येते ते बंदुकीचे चित्र किंवा पोशाख. त्यामुळे तिच्याकडे अजून कोणी पुरेसे गंभीरपणे पाहिलेले नाही. आत काय निघण्याची शक्यता किती टक्के आहे, हे ठळकपणे आणि मराठी-हिंदीसह भारतीय भाषांत लिहिणे बंधनकारक करणे, आणि अल्पवयीनांच्या खात्यावर अशी विक्री बंद करणे, एवढी मागणी तरी पालकांनी लावून धरायला हवी.

नव्याची दुसरी बाजू

याचा अर्थ नवे ते सगळे वाईट, असा अजिबात नाही. माइनक्राफ्टच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. त्यात मुले घरे, किल्ले, यंत्रे बांधतात. २०१६ चा स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एकट्या एरिक बॅरोन यांनी घडवला. तो एकदा विकत घ्यायचा, आत पैसे मागणारे काही नाही. गेममध्ये एक दिवस संपला, की माणूस झोपायला जातो आणि खेळही तेथेच जतन होतो. म्हणजे डाव संपण्याची सोय आजही करता येते, कोणी करायची ठरवली तर.

जुन्या काळाने ज्यांना खेळातून वगळले होते, त्यांच्यासाठी आज दारे उघडली आहेत. हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये खास कंट्रोलर आणला. २०२० मध्ये आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या मोठ्यांसाठीच्या गेममध्ये साठहून अधिक सोयी होत्या आणि दृष्टिहीन खेळाडूंनीही तो आवाजाच्या आधारे पूर्ण केला. काँट्रामध्ये हे स्वप्नातही शक्य नव्हते.

आणि तासांचे काय? ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये जवळपास ३९ हजार प्रौढ खेळाडूंच्या खेळण्याच्या वेळेची कंपन्यांकडची प्रत्यक्ष नोंद तपासली. खेळण्याचा वेळ वाढल्याने मनःस्वास्थ्य बिघडते किंवा सुधारते, असा लक्षणीय परिणाम त्यात आढळला नाही. खेळणारा कोणत्या ओढीने खेळतो, आवडीने की सुटका नाही म्हणून, याचा संबंध अधिक महत्त्वाचा दिसला. हे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण केवळ घड्याळाकडे पाहून निदान करू नये, एवढे त्यातून कळते.

आजार कधी म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात समाविष्ट केला. २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्याच्या व्याख्येत किती तास, हा आकडा कोठेही नाही. तीन गोष्टी पाहिल्या जातात. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का? इतर आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच अग्रक्रमावर आला आहे का? आणि नुकसान दिसत असूनही खेळणे तसेच चालू आहे किंवा वाढते आहे का? घर, शाळा, नाती यांवर ठळक दुष्परिणाम करणारी ही स्थिती साधारणपणे बारा महिने टिकलेली असावी लागते. लक्षणे तीव्र असतील, तर त्याहून कमी काळातही निदान होऊ शकते.

सुट्टीत तीन तास खेळणारा, पण वेळेवर झोपणारा, मित्रांबरोबर क्रिकेटला पळणारा, जेवणाच्या ताटावर गप्पा मारणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. उलट, दीडच तास खेळणारा, पण रात्री दोनला चोरून फोन काढणारा, शाळा टाळू लागलेला, आधी आवडणारे सगळे सोडून दिलेला मुलगा काळजीचा विषय आहे. अशा मुलामध्ये अनेकदा खेळाच्या आधीपासून काहीतरी बिनसलेले असते. नैराश्य, चिंता, एकाग्रतेचा विकार, शाळेतली छळवणूक यांपैकी काही. फोन काढून घेतल्याने ते जात नाही, फक्त झाकले जाते. बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट क्लिनिक’ चालते. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जायलाही लाजण्याचे कारण नाही.

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य येथेच घातक ठरते. ते ऐकणाऱ्या मुलाला कळते, की येथे आपला गेम वाईट ठरला आहे, आपणही वाईट ठरलो आहोत. मग रात्री झोप लागत नाही, पेटीवर आईच्या खात्यातले पैसे गेले, गेममध्ये कोणी अनोळखी माणूस घाणेरडे बोलला, हे तो घरी सांगणार नाही. जे ऐकायलाच हवे, ते कानावर येण्याचा रस्ता बंद होतो.

आठवणीचा उपयोग

म्हणून आठवण टाकून द्यायची गरज नाही, ती वाचायला हवी. काय आवडत होते? डाव संपत असे. भिडू शेजारी बसलेला असे. आणि पैसे एकदाच, घरच्यांच्या देखत दिलेले असत. या तिन्ही गोष्टी आजच्या घरात बऱ्याच अंशी परत आणता येतात.

वेळ मिनिटांऐवजी डावांत ठरवावा. शंभर खेळाडूंची ऑनलाइन मॅच वीस-तीस मिनिटांची असते आणि ती मधेच थांबवता येत नाही. जुन्या रिमोटवर थांबवण्याचे बटण होते, येथे नाही. मधेच उठले तर संघातले बाकीचे मित्र अडचणीत येतात. तेव्हा ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ या हुकमापेक्षा ‘दोन मॅच, मग जेवण’ हा करार मुलाला न्याय्य वाटतो आणि पाळलाही जातो. गेमच्या सूचना बंद कराव्यात, म्हणजे परत बोलावणारी हाक बंद होते. खरेदीला पासवर्ड लावावा आणि तो मुलाच्या हाती देऊ नये. फुकटच्या गेमपेक्षा एकदा पैसे देऊन घेतलेला गेम अनेकदा स्वस्त पडतो, हे मुलाबरोबर बसून हिशेब मांडून दाखवावे. रात्री घरातले सगळे फोन, आईबाबांचेही, झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावेत.

आणि आठवड्यातून एकदा तरी शेजारी बसावे. उपदेश करायला बसू नये, खेळायला बसावे. मुलगा जिंकेल, बाबा पहिल्या मिनिटात बाद होतील. तेवढ्यात तो गेम काय मागतो, कोठे पैसे मागतो, कोण बोलते, मुलगा हरल्यावर कसा वागतो, हे सारे दिसून जाईल. तासभर भाषण करून यातले काहीच कळत नाही.

एक गोष्ट विसरता येणार नाही. ज्या वयाच्या आठवणी जन्मभर टिकतात, त्या वयात आजची मुले आहेत. वीस-पंचवीस वर्षांनी तीही हळहळतील. त्यांच्यापाशी माळ्यावर ठेवलेली कॅसेटदेखील नसेल. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले, की २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. सर्व्हरवर चालणारे आजचे गेम तर सर्व्हर बंद झाला की संपलेच. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा लाखो भारतीय मुलांनी हे अनुभवले. गेम उरणार नाही, आठवणीच उरतील. त्या आठवणीत बाबा शेजारी बसलेले असतील की दारात उभे राहून ओरडत असतील, हे मात्र अजून ठरायचे आहे.

फुंकर मारून गेम लागत नव्हता. कॅसेट बाहेर काढून, पाहून, पुन्हा नीट बसवली की लागत होता. घरातला हा तुटलेला संपर्कही तसाच जुळेल.